वेळापत्रक कुणाच्या हाती? : नांदेड-लातूरच्या रोजच्या प्रवासाचा आढावा

आजा पायी गेला, बाप एसटीने गेला, पोरगा मोटारसायकलवर जातो आणि नातू चारचाकी घेईल, अशी प्रवासाची वंशावळ नांदेड-लातूरकडे सर्रास मांडली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. वाहन बदललं म्हणजे प्रवास सुधारला ही एक, आणि तो घरातल्या सगळ्यांचा सारखाच सुधारला ही दुसरी. या दोन जिल्ह्यांतली गेली सव्वाशे वर्षं पाहिली तर निराळं चित्र दिसतं. वेग वाढला तो मुख्यतः लांबच्या प्रवासाचा: हैदराबादचा, मुंबईचा, पुण्याचा, अमृतसरचा. तालुक्याला, बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जाण्याचा जो रोजचा प्रवास, त्याची जबाबदारी पिढीगणिक एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आणि शेवटी घरावर येऊन पडली. ज्या घराला ती पेलली त्याची सोय झाली. ज्याला पेलली नाही, किंवा पेलणाऱ्या घरातही ज्यांच्या हाती गाडीची किल्ली नाही, ती माणसं अजून आधीच्या पिढीचाच प्रवास करतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावरचे आक्षेपही कमी नाहीत.

बैलगाडीच्या काळाबद्दल आज जी ओढ वाटते तिच्यात बरीच भर नंतरची आहे. बैलगाडी सगळ्यांकडे नव्हती. लातूरकडचं देवणी आणि नांदेडकडचं लाल कंधारी जनावर ओढकामाला दणकट, पण बैलजोडी बाळगणं ही ऐपतीची गोष्ट होती, आणि बसायला धमणी किंवा छकडा वेगळा ठेवणं त्याहून मोठ्या ऐपतीची. बाकीच्यांचा प्रवास पायी आणि ओझं डोक्यावर. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं आणि उंट विकायला येतात, ते आज पाहुण्यांना कौतुकाचं वाटतं. मुळात तो वाहनांचाच बाजार होता, आणि कुणी काय विकत घ्यायचं हे जातीने आणि धंद्याने ठरलेलं असायचं. शिवाय हा सगळा प्रवास ऋतूच्या हुकमाखाली होता. मांजरा, मन्याड, लेंडी, आसना या नद्यांच्या खोऱ्यांतली काळी माती पाऊस लागला की चाक धरून ठेवते. वर्षातले चार महिने गावं एकमेकांपासून तुटत, आणि लग्नं, यात्रा, बाजाराचा मोठा व्यवहार सारं उरलेल्या आठ महिन्यांत उरकावं लागे. प्रवासाचं वेळापत्रक तेव्हा कुणा माणसाच्या हाती नव्हतंच.

या मुलखात पहिलं छापील वेळापत्रक आणलं रेल्वेने. सिकंदराबादहून निघून निझामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडला जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर गेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. लातूरला गाडी आली ती दुसऱ्याच दिशेने आणि दुसऱ्याच मापाची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तिचे अडीच फुटी रूळ १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचले. विकाराबाद-बीदर-परळी हा मार्ग पुढे १९३० च्या दशकात झाला, तो लातूर शहराला बाजूला ठेवून लातूर रोडवरून गेला. हे मार्ग कशासाठी झाले हे लपून राहिलेलं नाही. नांदेडचा कापूस, लातूरच्या गंजातलं धान्य आणि गळीत बाहेर न्यायचं होतं, आणि निझामाच्या राजधानीला आपल्या पश्चिमेकडच्या सुभ्यावर पकड हवी होती. माणसांची ने-आण हा त्यातला जोडधंदा. त्यामुळे नांदेडचा चेहरा हैदराबाद-मनमाडकडे आणि लातूरचा बार्शी-कुर्डुवाडीकडे वळला. ही दोन शेजारची गावं एकमेकांकडे वळली नाहीत ती आजतागायत. रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या या दोन जिल्हा ठिकाणांमध्ये आजही थेट रेल्वेमार्ग नाही. लातूरहून नांदेडला रेल्वेने जायचं तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा दोनशे किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. रूळ एकदा अंथरले की त्यांची दिशा तीन-चार पिढ्यांना पुरते, मग ती दिशा ठरवणारं राज्य उरो की न उरो.

निझामाच्या रेल्वे खात्याचं एक काम मात्र आज मुद्दाम आठवावं असं आहे. १९३२ मध्ये याच खात्याने रस्ता वाहतूक विभाग काढला. सुरुवात अवघ्या २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांवर झाली. देशात सरकारने स्वतः प्रवासी बस चालवण्याचा हा अगदी पहिल्यांपैकी प्रयत्न. त्यात महत्त्वाचं असं की रेल्वे आणि मोटार एकाच खात्याच्या हाती होत्या. स्टेशनवर उतरलेला प्रवासी पुढे कसा जाणार हा प्रश्न ज्याने गाडी आणली त्याचाच होता. संस्थान विलीन झाल्यावर १९५१ मध्ये रस्ता विभाग रेल्वेपासून वेगळा होऊन हैदराबाद राज्य सरकारकडे गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये इथली बस वाहतूक महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची. तेव्हापासून या दोघांची वेळापत्रकं एकमेकांशी बोलत नाहीत. निझामी राजवटीचं गुणगान करायचा हेतू नाही. त्या गाड्या गावोगावी पोचत नव्हत्या आणि त्या काळच्या खेड्यातल्या माणसाने भोगलेलं सर्वांना ठाऊक आहे. पण तोडताना काय तुटलं हेही नोंदवायला हवं.

गावाला खऱ्या अर्थाने वेळापत्रक मिळालं ते एसटीमुळे, आणि एसटी येण्याआधी रस्ता यावा लागला. तो रस्ता कुणी केला? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या लाखो माणसांनी खडी फोडली, माती वाहिली. त्या कामांतून पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा आला आणि त्याच कामांतून कितीतरी गावांना जोडणारे पहिले बारमाही किंवा निमबारमाही रस्ते झाले. जे पायी चालत होते त्यांनीच, उपाशीपोटी, मोटारीचा रस्ता बांधला. दुष्काळाची आठवण जागवताना हे सहसा कुणी सांगत नाही. १९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा त्यात रस्त्यांचाही हिशेब होता, आणि मराठवाडा मागेच होता. तरी सत्तर-ऐंशीच्या दशकांत एसटीने जे केलं ते विलक्षण होतं. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात यायची, चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर नाहीतर मारुतीच्या पारावर झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, कोर्टाची तारीख असलेले, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याचे पेशंट घेऊन तालुक्याला निघायची. गाडी कुणासाठी थांबत नव्हती, पण कुणाला नाकारतही नव्हती. सरपंचाला आणि सालगड्याला तिकीट एकच. गावात बसायच्या जागेवरून जी उतरंड सांभाळली जात होती ती एसटीच्या बाकावर निदान तासाभरासाठी मोडत होती, हे मला त्या लाल डब्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. मुलींच्या शिक्षणाचंही तसंच. मासिक पासवर विद्यार्थ्यांना मिळणारी दोन-तृतीयांश सवलत आणि पुढे ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मिळालेला मोफत पास नसता, तर ज्या शिकवणीला लातूर पॅटर्न म्हणून राज्यभर नाव मिळालं तिच्या वर्गांत खेड्यातल्या मुली किती दिसल्या असत्या?

हे सगळं स्मरणरंजन आहे, असा आक्षेप इथे घेतला जाईल, आणि तो निम्मा खरा आहे. गाडी भरून ओसंडायची, पंक्चर झाली की दिवस जायचा, पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी गेलं की फेरी रद्द. गावाला दिवसात दोन फेऱ्या असत, त्या चुकल्या तर फाट्यापर्यंत पायपीट ठरलेली. हा फाटा म्हणजे एसटीच्या भूगोलातला कमकुवत दुवा. डांबरी सडकेवर गाड्या बऱ्याच, पण सडकेपासून चार-सहा किलोमीटर आत असलेल्या गावाला त्या दुरूनच दिसायच्या. म्हणून एसटीचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. तेव्हा तक्रार कुणाकडे करायची हे ठरलेलं होतं, एवढंच म्हणतो. फेरी आली नाही तर गाव आगारावर मोर्चा नेत असे, विद्यार्थी गाडी अडवत असत, आमदाराला उत्तर द्यावं लागे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनापासून पुढे मराठवाडा जनता विकास परिषद आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी रेल्वे रुंदीकरणाची मागणी लावून धरली, तीही याच समजुतीतून, की प्रवास ही सरकारकडे मागायची गोष्ट आहे.

ती समजूत ढिली झाली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. काळीपिवळी जीप, कमांडर, ट्रॅक्स, मग मिनीडोर आणि ॲपे, ज्याला इकडे टमटम म्हणतात, ही सगळी वाहनं फाटा ते गाव आणि गाव ते तालुका या पोकळीत शिरली. टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा परवाना एसटीकडेच होता, म्हणून कागदावर ही वाहतूक अवैध. प्रत्यक्षात ती स्टँडच्या फाटकापासूनच सुरू व्हायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नऊ जणांच्या गाडीत वीस माणसं, मागे लटकलेली वेगळी. आपल्याकडे या वाहनांबद्दल दोनच सूर ऐकू येतात: एसटीला बुडवणारे चोर किंवा गोरगरिबांचे तारणहार. दोन्ही उथळ आहेत. टमटमवाल्याने खरोखरच जिथे गाडी नव्हती तिथे गाडी नेली, आणि ती भरली की सुटायची, त्यामुळे घड्याळापेक्षा गर्दीशी तिचं नातं. बाजाराच्या दिवशी ती उत्तम सेवा ठरे. पण रात्री नऊला बाळंतपणाची कळ सुरू झालेल्या बाईसाठी, परीक्षेला एकटीच निघालेल्या मुलीसाठी, श्रावणातल्या ओस दुपारी तालुक्याला जायचं असलेल्या म्हाताऱ्यासाठी ती भरत नव्हती, म्हणून सुटतही नव्हती. फायद्याच्या वेळा आणि फायद्याचे रस्ते टमटमने घेतले. तोट्याच्या वेळा, रिकाम्या फेऱ्या, सवलतीचे पास आणि साडेसतरा टक्के प्रवासी कर एसटीकडे राहिला. मग तोटा होतो म्हणून एसटीने फेऱ्या कमी केल्या, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी टमटमकडे गेले. यात कुणा एकाचा दुष्टावा शोधण्यात अर्थ नाही. एकाच रस्त्यावर एकाला सेवेची अट घातली आणि दुसऱ्याला कसलीच घातली नाही, की असंच होणार.

मोटारसायकल आली ती या पोकळीतच. लूना १९७२ पासून होती, नंतर एम-एटीवर दुधाच्या कॅन लटकलेल्या दिसू लागल्या, राजदूत आणि बुलेट मोजक्या घरी. खरा बदल केला तो १९८५ नंतर आलेल्या शंभर सीसीच्या, थोड्या पेट्रोलवर पुष्कळ पळणाऱ्या गाड्यांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या हप्त्याच्या कर्जाने. देशपातळीवर दुचाकी असलेल्या घरांचं प्रमाण २००१ च्या जनगणनेत ११.७ टक्के होतं, ते २०११ मध्ये २१ टक्के झालं. त्यानंतरची वाढ तर डोळ्यांना दिसतेच आहे. या दोन जिल्ह्यांत दुचाकीची गरज वाढायला स्थानिक कारणंही होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपाची भीती आणि नगररचनेचे नकाशे यांतून ती ऐसपैस, रुंद रस्त्यांची आणि एकेका घराभोवती मोकळी जागा सोडून झाली, पण शेतं होती तिथेच राहिली. जुन्या गावठाणात घर, गोठा, शेजार आणि शिवार हाकेच्या अंतरावर होतं. नव्या वस्तीत शेताला जायलाही वाहन लागू लागलं. सगळीकडे भूकंप झाला नाही, पण अंतरं सगळीकडेच वाढली. बँक, मोठी शाळा, खताचं दुकान, रक्त तपासायची जागा हे सगळं हळूहळू तालुक्याला आणि जिल्ह्याला सरकलं. सोय लांब गेली आणि तिच्यापर्यंत पोचायचं साधन ज्याचं त्याने आणायचं, असा हा अलिखित करार झाला. वरपक्षाने लग्नात गाडी मागायची प्रथा पडली ती याच काळात, म्हणजे कराराची किंमत कितीदा तरी मुलीच्या बापाने मोजली.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. लोकांनी मोटारसायकल स्वतःच्या मर्जीने घेतली, तिने त्यांना स्वातंत्र्य दिलं. सकाळी शेत, दुपारी बाजार, संध्याकाळी सोयऱ्याकडे असा दिवस एसटीच्या काळात शक्यच नव्हता. हे नाकारायचं कारण नाही. दलित वस्तीतल्या तरुणाला गावच्या टमटमवाल्याची मर्जी सांभाळावी लागत नाही, ही गोष्ट लहान नाही. नांदेड आणि लातूर शहरांत स्कूटीवर क्लासला जाणाऱ्या मुलींची रांग पाहिली तर हे स्वातंत्र्य फक्त पुरुषांचं आहे असंही म्हणता येत नाही. पण शहराची हद्द ओलांडली की गाडीची किल्ली बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशात असते. बाई मागे बसते. म्हणजे तिचा प्रवास आता कुणाला तरी वेळ असण्यावर आणि कुणाची तरी परवानगी असण्यावर ठरतो. एसटीला कुणाची परवानगी लागत नव्हती, तिकीट लागत होतं. मर्जीचा कस दोन्ही पर्याय शाबूत असताना लागतो. तो कस आपल्याकडे एकदा लागला. १७ मार्च २०२३ पासून राज्य सरकारने महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मं तिकीट केलं, आणि एसटीतल्या महिला प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढली. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला होता. खेड्यातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना कुठे जायचंच नसतं, असा जो समज होता त्याचा निकाल त्या गर्दीने लावला. इच्छा होती, कारणं होती. दर आणि फेरी नव्हती. दर सरकारने दिला, फेरी अजून द्यायची आहे. मानव विकास मिशनमध्ये मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींसाठी बस आणि जवळच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या, हेही त्याच गरजेचं सरकारी कबुलीपत्र.

स्वातंत्र्याचा दुसरा हिशेब रस्त्यावर सांडतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, आणि त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर याचा अर्थ कळायला आकडे लागत नाहीत. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूने फाट्यापर्यंत येणारे दुचाकीवाले, आणि गावच्या वळणाला न जुमानणारा चौपदरी सिमेंटचा रस्ता, हे तिन्ही जिथे भेटतात तिथे माणसं मरतात. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला, आणि लातूर-नांदेड अंतर वेळेच्या हिशेबात कितीतरी घटलं. पण लांबच्या गाडीला जो रस्ता मोकळा वाटतो तोच आडवा ओलांडणं गावातल्या माणसाला जिकिरीचं झालं. विनाथांबा गाड्या आणि रात्रीच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्स पुलावरून जातात, फाटा खाली राहतो.

लांबच्या प्रवासाचं एकूणच असं आहे. इथली मागणी गेल्या तीस वर्षांत बरीच पुरी झाली, हे मान्य करायला हवं. नव्वदच्या दशकात मनमाड-नांदेड मार्ग रुंद झाला, २००३ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग झाला, २००८ मध्ये पूर्णा-अकोला आणि कुर्डुवाडी-लातूर हे मार्गही रुंद झाले. त्याच वर्षी शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीने नांदेड शहराला रस्ते, पूल आणि विमानतळाची नवी इमारत दिली. २०२५ मध्ये मुंबईची वंदे भारत जालन्याऐवजी नांदेडहून निघू लागली. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, २०२० च्या डिसेंबरात तिथून पहिला डबा बाहेर पडला. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. शहराची तहान भागवायला रूळ कामाला आले याचं कौतुक झालं ते रास्त. पण त्या उन्हाळ्यात खेड्यांतल्या बायका टँकरमागे धावत होत्या आणि त्यांच्या डोक्यावरच्या घागरीला कुठलंच वाहन नव्हतं, याचीही नोंद त्याच पानावर व्हायला हवी. पाणी आणणं हाही रोजचा प्रवासच आहे, वाहतुकीच्या अहवालांत तो सहसा मोजला जात नाही. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरमध्ये केवढं आंदोलन पेटलं! ते समजण्यासारखं आहे, गाडी आणि तिच्यातल्या जागा तुटपुंज्याच होत्या. मात्र मुंबईच्या गाडीसाठी बंद पुकारणारं शहर जळकोट किंवा देवणीच्या सकाळच्या फेरीसाठी कधी रस्त्यावर येत नाही. ज्यांना ती फेरी हवी असते ते शहरात राहत नाहीत.

एसटी तोट्यात आहे, सरकारने किती दिवस पोसायचं, हा प्रश्न आता अपरिहार्यपणे विचारला जाईल. महामंडळाचा संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेलेला आहे हे खरं. कोविडआधी १८ हजारांच्या घरात असलेला ताफा पुढे १५ हजारांच्या आसपास आला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आणि त्या पाच-साडेपाच महिन्यांत ज्या घरांना शक्य होतं त्यांनी आपापली सोय लावून घेतली; अशी सोय एकदा हप्त्यावर घेतली की माणूस परत स्टँडवर येत नाही. तरीही तोट्याचा हा मुद्दा एकाच पारड्यात तोलला जातो. नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव अशा जिल्ह्यांतून जाणारा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, त्याचा अंदाजित खर्च ८६ हजार कोटींच्या घरात होता. जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि समांतर रस्ता असताना हा कशाला, असं विचारलं. त्या वादात इथे शिरत नाही. पण रस्त्यावर खर्च केला की ती गुंतवणूक आणि त्या रस्त्यावर गावची बस चालवली की तो तोटा, ही हिशेबाची पद्धत कुणी ठरवली? रस्त्याला नफा-तोट्याचं पत्रक नसतं. एसटीला असतं, म्हणून ती गुन्हेगार दिसते. दुचाकीचं पत्रक घरोघरी वाटलेलं असतं: हप्ता, पेट्रोल, विमा, आणि कधीतरी नांदेडच्या किंवा लातूरच्या हाडांच्या दवाखान्याचं बिल. त्याची बेरीज कुणी करत नाही.

विरळ लोकवस्तीत बावन्न-पंचावन्न आसनांची बस परवडत नाही, हा आक्षेप मात्र मला पटतो, आणि उत्तर त्याच्याच आत आहे. लहान गावाला मोठी बस देण्याचा हट्ट एसटीने सोडायला हवा. वीस-पंचवीस आसनांच्या गाड्या, शाळा सुटायच्या आणि दवाखाना उघडायच्या वेळांना बांधलेल्या, फाटा ते गाव अशा छोट्या पल्ल्यांवर धावल्या तर रिकाम्या धावणार नाहीत. महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतीने ते प्रवासी आधीच तयार आहेत. आणि जे टमटमवाले तीस-पस्तीस वर्षं हा पल्ला ओढत आहेत त्यांना पकडायचं नि सोडायचं हा खेळ थांबवून त्यांना मार्ग आणि वेळ बांधून द्यावी, रिकाम्या फेरीचा काही भार उचलावा, सवलतीचं तिकीट त्यांच्या गाडीतही चालावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने कलम ६७ मध्ये राज्य सरकारला ग्रामीण वाहतुकीसाठी आणि शेवटच्या टप्प्याच्या जोडणीसाठी परवान्यांत बदल करण्याचा, स्वतंत्र योजना आखून त्याखाली परवाने देण्याचा अधिकार दिला आहे. लातूर रोड, उदगीर, मुदखेड, धर्माबाद ही स्टेशनं सुरुवातीला पुरेशी आहेत: गाडी येण्याच्या वेळेला बाहेर कुठल्या गावाची गाडी उभी असेल, हे रेल्वेच्या आणि एसटीच्या दोन अधिकाऱ्यांनी एका टेबलावर बसून ठरवायचं, आणि तो तक्ता स्टेशनात आणि त्या त्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा.